गायरानावर झाडं जगवायची तर: पहिल्यांदाच काम हाती घेणाऱ्या गावासाठी

गायरानावर झाडं लावायची असं गावानं ठरवलं की पहिला फोन रोपवाटिकेला जातो. तो खरं तर सगळ्यात शेवटी जायला हवा. रोपं मिळतात, खड्डे होतात, जुलैत फोटोही निघतात, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच माळावर वाळलेल्या काड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या उरतात. राज्यात २०१६ साली दोन कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपांची उद्दिष्टं ठेवून मोहिमा झाल्या. त्यामुळे रोप कसं लावायचं हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. अडतं ते जगवण्यात. गुरं, आग आणि गावातला समझोता ही तीन कोडी ज्या गावानं आधी सोडवली, त्याच गावाचं रान उभं राहिलं.

पुढे जे लिहिलं आहे ते पर्जन्यछायेतल्या गावांसाठी आहे. अहिल्यानगर, बीड, सोलापूर, धाराशिव, पुणे-साताऱ्याचा पूर्व भाग, सांगलीचा दुष्काळी पट्टा, म्हणजे जिथं पाऊस साधारण चारशे ते सातशे मिलिमीटर पडतो आणि जमीन मुरमाड आहे. कोकणात किंवा गडचिरोलीत झाडांची यादीही वेगळी आणि अडचणीही वेगळ्या.

आधी कागद

ज्याला सगळं गाव गायरान म्हणतं, त्याचा काही भाग कागदावर वनजमीन निघतो, काही भाग गावठाणाच्या विस्तारात गेलेला असतो, काही पाझर तलावाखाली. म्हणून तलाठ्याकडून त्या गटांचे सातबारा आणि गटनकाशा काढा. गाव नमुना १-अ मध्ये वनजमिनीची नोंद असते आणि १-ई मध्ये अतिक्रमणांची. विदर्भात असाल तर निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्जही पाहा. चराईचे, जळणाचे, वाटेचे गावाचे जुने हक्क त्यात लिहिलेले असतात. हद्दीबद्दल वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. मोजणीला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.

वनजमीन निघाली तर परस्पर खड्डे खणू नका. ती वाट वनविभागाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीतून जाते, किंवा २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळालेला असेल तर ग्रामसभेतून. महसुली गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव करून त्याची प्रत तहसीलदारांना द्या, पोच घ्या आणि लेखी परवानगी हातात पडल्यावरच काम सुरू करा. जमीन सरकारचीच राहते, लावलेल्या झाडावर कुणा एकाचा हक्क चढत नाही, हे पहिल्याच सभेत उघड बोला. नंतर होणारी निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

अतिक्रमणाचा विषय नाजूक आहे आणि तो टाळून चालत नाही. गायरान कसणाऱ्यांत दोन तऱ्हेचे लोक असतात. एक, ज्यांच्याकडे चाळीस एकर आहे आणि त्यांनी बांध सरकवत आणखी दोन एकर आत घेतले. दुसरे, ज्यांच्याकडे गायरानातल्या तुकड्याशिवाय काहीच नाही. मराठवाड्यात अशी हजारो भूमिहीन कुटुंबं आहेत, बहुतेक दलित आणि भटक्या समाजांतली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच भुकेपोटी. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, पण भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार दिलेल्या जमिनींचा अपवादही त्याच निकालात नोंदवला. वृक्षारोपणाच्या नावाखाली गरिबाचा तुकडा उठवायचा आणि मोठ्याचा बांध तसाच ठेवायचा, हे काम कुणी तुमच्या हातून करून घेऊ पाहत असेल तर त्याला थारा देऊ नका. कसलेले तुकडे बाजूला ठेवून उरलेल्या मोकळ्या जमिनीपासून सुरुवात करा. ती बहुतेक गावांत भरपूर असते.

मग माणसं

गायरानावर सगळ्यात जास्त कोण अवलंबून आहे, याची यादी करा. दोन-चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाया, धनगरवाडा, बैलजोडी असलेले छोटे शेतकरी, जळणाची मोळी आणणाऱ्या म्हाताऱ्या, आणि दिवाळीनंतर वाड्यासह गावावरून जाणारे मेंढपाळ. हे लोक ग्रामसभेत मागं बसतात किंवा येतच नाहीत. ग्रामसभेआधी त्यांच्या दारात जाऊन बसावं लागतं, तेही संध्याकाळी, गुरं परतल्यावर.

तिथं एकच प्रश्न विचारा: हा माळ बंद केला तर तुमच्या शेळ्या कुठं चरणार? या प्रश्नाला पटेल असं उत्तर मिळेपर्यंत पुढं जाऊ नका. उत्तर बहुतेक वेळा असं निघतं की गायरानाचे तीन तुकडे करायचे, एका वेळी एकच बंद ठेवायचा, बाकीचे दोन चराईला मोकळे. बंद तुकड्यातलं गवत दसऱ्यानंतर विळ्यानं कापून न्यायला मुभा, आणि पहिला वाटा भूमिहीन घरांचा. मेंढ्यांच्या जुन्या वाटेसाठी पंधरा-वीस फुटांची पट्टी सोडायची. पाण्यावर जायची गुरांची वाटही सोडायची, नाहीतर गुरं कुंपण तोडून ती काढतातच.

चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द आपल्याकडे राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारमुळे घरोघरी पोहोचले. हिवरे बाजारमध्ये श्रमदान, नशाबंदी आणि नसबंदी यांच्या बरोबरीनं ही दोन सूत्रं गावानं पाळली. तिथली हिरवी टेकडी पाहायला आजही बसगाड्या जातात. तुम्हीही जा, पण टेकडीबरोबर तिथल्या माणसांना विचारून या की पहिल्या दोन वर्षांत शेळ्यांचं काय केलं, गवत कसं वाटलं, नियम मोडणाऱ्याला काय केलं. तुमच्या गावाला उपयोगी पडेल ते त्या उत्तरांत आहे.

नियम ठरले की कागदावर उतरवा. बंद तुकडा कोणता, किती वर्षं, गवत कधी आणि कसं कापायचं, दंड किती, तो कोण वसूल करणार आणि कुठं जमा होणार. दंड सरपंचाच्या भावाच्या म्हशीलाही तेवढाच, हे त्यात स्पष्ट असू द्या. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. माझ्या मते २ ऑक्टोबरला विषय मांडावा आणि २६ जानेवारीला ठराव करावा. मधले चार महिने बोलाचालीला लागतातच. १ मेच्या सभेत ठराव घेऊन जुलैत लागवड करायला गेलात तर सगळं घाईत होतं.

माळ वाचायला शिका

आता जमिनीकडे. गावातल्या जुन्या गुराख्याला बरोबर घेऊन पावसाळ्याच्या अखेरीस आणि पुन्हा मार्चमध्ये संपूर्ण गायरान पायी फिरा. गवत कुठलं आहे ते बघा. पवना, मारवेल, डोंगरी अशी गुरं आवडीनं खातात ती गवतं अजून टिकून असतील तर जमीन तुम्हाला वाटते तेवढी बिघडलेली नाही. नुसती कुसळी, तरवड आणि गाजरगवत असेल तर अतिचराई फार वर्षं झाली आहे. तरवडाला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून शेवटी तोच उरतो. जिथं गवतही नाही, मुरूम उघडा पडलाय आणि घळी पडल्यात, तिथं आधी माती-पाण्याचं काम, झाडं त्यानंतर.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. प्रत्येक माळ म्हणजे तोडलेलं जंगल नव्हे. दख्खनच्या पठारावर मुळातच गवताळ असलेली मोठमोठी रानं आहेत आणि त्यांचं स्वतःचं जग आहे. माळढोक, काळवीट, चिंकारा, खोकड, लांडगा हे सगळे उघड्या गवताचे प्राणी. सोलापूरजवळचं नान्नज त्यासाठीच राखलं गेलं. अशा गवताळ माळावर दर पाच मीटरला खड्डा खणून जंगल करायला गेलं तर गवतही जातं, प्राणीही जातात आणि झाडंही नीट वाढत नाहीत. तिथं झाडं फक्त ओढ्याच्या काठानं, हद्दीवर आणि गुरांच्या सावलीपुरती लावावीत. बाकी माळ नुसता राखावा. गुरं असलेल्या गावाला याचा फायदाही जास्त होतो.

कुठली झाडं लावायची, हे गावाजवळची एखादी देवराई किंवा जुन्या मसणवट्यातली झाडं सांगतात. तिथं कुऱ्हाड चाललेली नसते, म्हणून त्या मातीत मुळात काय उगवतं ते दिसतं. गावाची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद, तयार झालेली असेल तर ती ग्रामपंचायतीत मागून घ्या.

एक पावसाळा नुसतं राखा

हे पटवून देणं सगळ्यात अवघड जातं, कारण लोकांना झाड लावायचं असतं. पण शक्य असेल तर पहिल्या तुकड्यात पहिला पावसाळा काहीही लावू नका. कुंपण करा, राखणदार नेमा आणि बघा.

गुरांनी वर्षानुवर्षं कुरतडलेल्या माळावर बोटभर उंचीची, दगडासारखी कडक झुडपं दिसतात. ती दरवर्षी फुटतात, दरवर्षी खाल्ली जातात. जमिनीखाली त्यांचं मूळ मात्र मनगटाएवढं जाड आणि खोल गेलेलं असतं. पळस, बोर, खैर, हिवर, आपटा, धावडा अशी झाडं या अवस्थेत कितीतरी वर्षं तग धरतात. राखण मिळाली की एकाच पावसाळ्यात त्यांचे फुटवे गुडघ्याच्या वर येतात, आणि पाण्याचा एक टँकरही लागत नाही. हिवाळ्यात प्रत्येक बुंध्यावर एक किंवा दोन सरळ, जोमदार फुटवे ठेवून बाकीचे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. रोपवाटिकेतलं कुठलंही रोप या फुटव्याची बरोबरी करू शकत नाही. खड्डे कुठं खणायचे नाहीत हेही त्यातूनच कळतं.

कुंपणासाठी तारेच्या मागं लागू नका. तार महाग पडते आणि चोरीला जाते. मुरमाड जागी मीटरभर खोल गुरे प्रतिबंधक चर आणि आतल्या बाजूला त्याच्या मातीचा बांध, बांधावर घायपात आणि निवडुंग. दगड भरपूर असतील तर दगडी पौळ. शेळीला चर अडवत नाही, तिला माणूसच अडवतो. म्हणून राखणदाराचा पगार हा या कामातला पहिला खर्च धरा. राखणदार गुरं राखणाऱ्या घरातलाच निवडा. त्याला कोणाची शेळी कुठून शिरते ते आधीच माहीत असतं आणि त्याचं घर या कामात सामील होतं.

पाणी अडवणं

उतारावर काम माथ्याकडून पायथ्याकडे करत या. वरचं पाणी अडलं नाही तर खालचे बांध पहिल्याच वळवात वाहून जातात. सलग समतल चर साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल, माती उताराच्या बाजूला. चर समपातळीत हवा. डोळ्यांच्या अंदाजानं खणलेला चर पाणी अडवण्याऐवजी एका टोकाला वाहून नेतो आणि नवी घळ पाडतो. समपातळी आखायला ए-फ्रेम (इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची चौकट) किंवा पाणी भरलेली नळी वापरा. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत उतरलेल्या गावांत हायड्रोमार्कर (समपातळी आखायचं साधन) वापरता येणारी मुलं आहेत, त्यांना एक दिवस बोलावून घ्या. घळींमध्ये दगडी बांध, तेही वरून खाली. ही कामं आणि वृक्षलागवड रोजगार हमीत बसवता येतात. ग्रामरोजगार सेवकाशी हिवाळ्यातच बोला, म्हणजे आराखड्यात नाव येईल.

झाडं आणि रोपं

कडुनिंब, बाभूळ, बोर, खैर, हिवर, अंजन, आपटा, शिरीष, करंज, सीताफळ ही मुरमाड माळावर टिकणारी. ओढ्याकाठी जांभूळ, अर्जुन, उंबर, करंज. खोल माती असलेल्या एखाद्या कोपऱ्यात चिंच, वड, पिंपळ. शेळीपालन करणाऱ्या गावानं अंजन, बोर आणि बाभळीला झुकतं माप द्यावं, कारण पाला आणि शेंगा उन्हाळ्यात चारा होतात.

निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि सुबाभूळ लवकर हिरवी दिसतात म्हणून घेऊ नका. गिरिपुष्प हद्दीवर कुंपणाला ठीक, माळभर नको. वेडी बाभूळ आधीच माजलेली असेल तर ती एका फटक्यात उपटू नका. गरिबांच्या चुली तिच्यावर चालतात आणि उघडी पडलेली माती वाहून जाते. दरवर्षी एक पट्टा काढा आणि लगेच त्या जागी लागवड करा.

रोपं सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेतून मिळतात. मागणी हिवाळ्यात नोंदवा. रोप निवडताना पिशवी उलटी करून बघा. मुळं भोकातून बाहेर पडून खालच्या मातीत गेलेली असतील तर उचलताना ती तुटणार. पिशवी फाडून एखादं रोप आतून तपासा. पांढरी, सरळ मुळं हवीत. मुळं तळाशी दोरीच्या वेटोळ्यासारखी गुंडाळलेली असतील तर ते रोप वरून कितीही टवटवीत दिसो, ते त्याच वेटोळ्यात अडकून राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाऱ्यानं आडवं होतं. वर्ष-दीड वर्षाचं, कमरेएवढं, जाड खोडाचं रोप चांगलं. उंच आणि काटकुळं नको.

त्याहून चांगलं म्हणजे गावातच रोपवाटिका करणं. बचतगटातल्या बाया हे काम उत्तम करतात. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करा. लिंबोळ्या जून-जुलैत पडतात, त्या साल काढून, सावलीत सुकवून दोन आठवड्यांत पेरायच्या; लिंबोळी घरात ठेवली की तिची उगवण संपते. जांभळाचं तसंच. बाभळीच्या बीचं कवच कठीण असतं, ते गरम पाण्यात रात्रभर भिजवा. शेळ्यांच्या वाड्यातल्या लेंड्यांमधून आलेलं बाभळीचं बी आणखी चांगलं उगवतं, कारण शेळीच्या पोटात कवच मऊ झालेलं असतं. चरांच्या भरावावर बोर, बाभूळ, सीताफळ थेट पेरलं तर बरंचसं मरतं, पण जे उगवतं त्याचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि ते पाण्यावाचून उभं राहतं.

खड्डा आणि लागवड

खड्डे एप्रिल-मे मध्येच खणा. दीड फूट लांब, रुंद, खोल पुरे. कठीण मुरमात दोन फूट. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. खड्डा महिनाभर उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि लिंबोळी पेंडीची मूठ. मुरमाचं अळं करा. कच्चं शेण घातलं तर वाळवी येते. झाडं सरळ रांगांत हवीत असं काही नाही. माती आहे तिथं चार-पाचांचा पुंजका, खडक आहे तिथं मोकळं. दाट धरलं तरी पाच-पाच मीटरवर हेक्टरी चारशे झाडं होतात. कमी पावसाच्या माळाला तेवढी पुष्कळ.

मृगाचा पहिला पाऊस पडला की सगळ्यांना घाई होते. थांबा. दोन-तीन चांगले पाऊस होऊन खड्ड्यात हातभर ओल गेली पाहिजे. ढगाळ दिवस किंवा दुपारनंतरची वेळ निवडा. पिशवी पूर्ण काढा. नुसती चिरून खाली ठेवलेली पिशवी मुळांना आवळते. मातीचा गोळा फुटू देऊ नका, रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच लावा आणि माती पायानं घट्ट दाबा. काठीचा आधार, भोवती बोरी-बाभळीच्या काट्या, आणि बुंध्यापासून चार बोटं सोडून वाळक्या गवताचं आच्छादन. रिकाम्या पिशव्या मोजून परत आणा.

मनुष्यबळाचा हिशेबही आधीच करा. पाचशे लोक तासभर आले तर रोपं वेडीवाकडी लागतात. समजून काम करणारे चाळीस लोक तीन दिवस आले तर ती जगतात. पाहुण्यांच्या हस्ते लावायची असतील ती रस्त्याकडेला लावा.

पहिले तीन उन्हाळे

हातातल्या पैशांपैकी निदान दोन तृतीयांश लागवडीनंतरसाठी ठेवा. पाचशे रोपांना प्रत्येकी दहा लिटर म्हणजे एका फेरीला पाच हजार लिटर, एक टँकर. जानेवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत पंधरवड्याला एक फेरी धरली तर अकरा टँकर. एवढं पाणी जवळच्या कुठल्या विहिरीतून मिळेल, ते कोण ओढणार, डिझेल कोण घालणार, हे ठरलेलं नसेल तर पाचशेऐवजी दोनशेच लावा. पाणी रोज थोडं देण्यापेक्षा पंधरा दिवसांनी भरपूर द्या, म्हणजे मुळं खाली जातात. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, तिसऱ्यात फक्त सुकू लागलेल्यांना.

राखलेल्या माळावर गवत छातीएवढं येतं आणि हीच त्याची जोखीम. होळीच्या आसपास एक विडी सगळं संपवते. दसऱ्यानंतर गवत कापणीची मुभा ठेवायची ती चाऱ्यासाठी आणि आग रोखण्यासाठीही. जानेवारीत बंद तुकड्याभोवती दहा-बारा फूट रुंदीचा जाळपट्टा साफ करा, आत एक-दोन आडवे पट्टे काढा. फेब्रुवारी ते मे रात्रीची पाळी लावा. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं असं मानणारे लोक प्रत्येक गावात आहेत; त्यांना पाळीत सामील करून घ्या.

मोजणी वर्षातून दोनदा करा, ऑक्टोबरअखेर आणि मेअखेर. जातवार मोजा: कडुनिंब किती लावले, किती जगले. शाळेतल्या मुलांकडून करून घ्या आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, चांगले असोत की वाईट. मेलेल्या जागी जुलैत तीच जात पुन्हा लावायच्या आधी कारण शोधा. वाळवी होती, पाणी साचलं, शेळी शिरली की खाली खडक लागला? खडक असेल तर ती जागा गवताला सोडा.

पहिला तुकडा तीन ते पाच वर्षांनी उघडतो. वर्षं मोजण्यापेक्षा उंची बघा: झाडाचा शेंडा गुरांच्या तोंडाच्या बराच वर गेला आणि खोड मनगटाएवढं झालं की आधी गाई-बैल सोडा, शेळ्या त्यानंतर एका पावसाळ्यानं, कारण शेळी मागच्या पायांवर उभी राहून फांदी वाकवते. पहिला उघडण्याआधी दुसऱ्या तुकड्याचं कुंपण, चर आणि राखणदार तयार पाहिजेत. आणि तो बंद करायच्या आधी पुन्हा एकदा त्याच घरांत जाऊन बसा, कारण मधल्या काळात कुणाच्या शेळ्या वाढल्या असतील, कुणाच्या विकल्या गेल्या असतील आणि गवताचे जुने वाटे आता बदलावे लागतील.